ऐकू येणारे आणि ऐकीव

संगणकाला किंवा मोबाइलला जोडण्याची एक छोटी पेटी गेल्या काही वर्षांत बाजारात भरपूर दिसू लागली आहे. तिच्यात दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे डॅक. हा संगणकातील आकड्यांचे रूपांतर बदलत्या विद्युतदाबात करतो. दुसरा भाग म्हणजे हेडफोन अँप्लिफायर. तो या विद्युतदाबाला हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो. अशा पेट्या हजार रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंत मिळतात. मोबाइलमध्येही हेच दोन भाग नखाएवढ्या जागेत बसवलेले असतात, किंवा तारेच्या टोकाशी असलेल्या लहानशा जोडणीत असतात. मग टेबलावरची पेटी अधिक काय करते, आणि ते आपल्याला कसे कळते?

हा प्रश्न केवळ हौशी श्रोत्यांचा नाही. ऑनलाइन तास, भाषेचे श्रवणपाठ आणि ध्वनिमुद्रणे यांमुळे हेडफोन शाळेत पोचला आहे. वर्गणी काढून अशी उपकरणे घेतली जातात तेव्हा निवड करणाऱ्या शिक्षकांसमोर जाहिराती आणि परीक्षणे यांखेरीज दुसरे काही नसते. त्या परीक्षणांची परीक्षा घेणे हा या लेखाचा हेतू आहे. ही परीक्षणे दोन प्रकारची असतात. एक प्रकार फक्त कानावर विश्वास ठेवतो, दुसरा फक्त आकड्यावर. माझ्या मते दोन्ही प्रकार विज्ञानाच्या कसोटीवर अपुरे पडतात, मात्र त्यांची कारणे वेगळी आहेत.

पायऱ्यांचा गैरसमज

प्रथम एक गैरसमज दूर करू. अंकीय ध्वनीचे चित्र काढताना पाठ्यपुस्तकांत आणि जाहिरातींत बहुधा जिन्यासारख्या पायऱ्या दाखवतात. नमुने अधिक घेतले की पायऱ्या बारीक होतात आणि आवाज मूळ लहरीच्या जवळ जातो, असे त्यावरून वाटते. हे चित्र फसवे आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील सिद्धांत असा : लहरीतील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांवरून मूळ लहर पूर्णपणे परत मिळवता येते. डॅकमधील गाळणी नेमके हेच काम करते. पायऱ्या गाळणीतून पार होत नाहीत, बाहेर येते ती गुळगुळीत लहर.

तरुण माणसाच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ धरतात, आणि वयानुसार ती खाली येते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ही संख्या ठरवली, तिच्यामागे हाच हिशेब होता. सीडी १९८२ साली बाजारात आली.

प्रत्येक नमुना किती बिटांत लिहायचा, यावर गोंगाटाची पातळी ठरते. दर बिटामागे साधारण ६ डेसिबल मिळतात. १६ बिटांना सुमारे ९८ डेसिबल आणि २४ बिटांना सुमारे १४६ डेसिबल असे सैद्धांतिक अंतर येते. शांत खोलीतही सुमारे ३० डेसिबल आवाज असतो आणि ११० डेसिबलचा आवाज कानाला असह्य होऊ लागतो. म्हणजे ऐकण्यासाठी उपयोगाचे अंतर ८० डेसिबलच्या आसपास आहे. १६ बिट त्याला पुरून उरतात. ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना अधिक बिट सोयीचे असतात, हे खरे. परंतु तो मुद्रणशाळेचा प्रश्न आहे.

आता खोक्यावर छापलेल्या ‘३२-बिट’ या शब्दाकडे पाहू. डॅकमधून साधारण २ व्होल्ट विद्युतदाब बाहेर येतो. त्याचे ३२ बिटांत भाग पाडले, तर एका भागाचे मूल्य सुमारे १.३ नॅनोव्होल्ट होते. पण कोणत्याही रोधकात इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीमुळे गोंगाट निर्माण होतो. खोलीच्या तापमानाला १,००० ओहमच्या रोधकात, ऐकू येणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्यात, हा गोंगाट सुमारे ०.६ मायक्रोव्होल्ट भरतो, म्हणजे त्या भागाच्या चारशेहून अधिक पट. निसर्गानेच घातलेली ही मर्यादा कारखानदाराला ओलांडता येत नाही. ३२ बिट हे आत चाललेल्या आकडेमोडीचे वर्णन असू शकते. बाहेर येणाऱ्या आवाजाचे ते वर्णन नव्हे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. जाहिरात वाचण्याची तीही एक रीत आहे.

कानाची साक्ष

पहिल्या प्रकारचे परीक्षक डॅकविषयी लिहितात ते असे : आवाज ‘उबदार’ आहे, गायकासमोरचा ‘पडदा दूर झाला’, वाद्यांमध्ये ‘हवा’ खेळते. अशा भाषेची टिंगल करण्याचे कारण नाही. तानपुऱ्याची जवारी कशी लागली आहे हे सांगताना आपणही शब्दांची ओढाताण करतोच. आक्षेप भाषेवर नाही, चाचणीच्या पद्धतीवर आहे. परीक्षकाला पेटी दिसते, किंमत माहीत असते आणि कोणत्या क्षणी कोणती पेटी वाजते आहे हेही ठाऊक असते. अशा वेळी त्याने दिलेली साक्ष कानाची आहे की डोळ्याची, हे सांगता येत नाही.

या बाबतीत २०२२ सालची एक घटना बोलकी आहे. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या ध्वनिफितींवरून नव्या तबकड्या काढते. या तबकड्यांत कोठेही अंकीय टप्पा नाही, अशी ग्राहकांची समजूत होती आणि त्याच शुद्धतेसाठी ते जास्त पैसे मोजत होते. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्या ध्वनिअभियंत्यांनीच मान्य केले, की २०११ पासून अनेक तबकड्या अंकीय प्रतीवरून काढल्या जात होत्या. म्हणजे आवाजाचे आकडे झाले होते, आकड्यांचे पुन्हा विद्युतदाबात रूपांतर झाले होते आणि मग तबकडी कोरली गेली होती. या तबकड्यांपैकी काहींची रसिकांनी आणि समीक्षकांनी फार वाखाणणी केली होती. अंकीय आवाज लगेच ओळखतो असे सांगणाऱ्यांनीही ती केली होती.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ही नियंत्रित चाचणी नव्हती, त्यामुळे ‘अंकीय टप्पा कोणालाच ऐकू येत नाही’ असे यातून सिद्ध होत नाही. मात्र एवढे नक्की म्हणता येते, की वेष्टनावरचा समज कानाला दिशा देतो आणि अनुभवी कानही त्याला अपवाद नाहीत.

नियंत्रित चाचण्याही झालेल्या आहेत. मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली त्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. उच्च दर्जाच्या अंकीय तबकडीचा आवाज एकदा थेट ऐकवायचा आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे १६ बिट व ४४,१०० नमुन्यांच्या, परिवर्तकांतून काढून ऐकवायचा. ऐकणाऱ्याला कोणता कोणता ते माहीत नसायचे. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही जवळपास तितकीच आली असती. काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच उच्च दर्जाचे नव्हते, असा आक्षेप नंतर घेतला गेला. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांतील १२,५०० हून अधिक प्रयत्नांचे एकत्रित विश्लेषण केले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. आधी प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे फरक काही परिस्थितीत, काही श्रोत्यांना, किंचित जाणवत असावा. ‘पडदा दूर झाला’ या वर्णनाशी मात्र ५२.३ या आकड्याचा मेळ बसत नाही.

आकड्याची साक्ष

दुसऱ्या प्रकारचे परीक्षक मोजमापाची यंत्रे वापरतात. ही निश्चितच पुढची पायरी आहे. उपकरणात १,००० हर्ट्झचा शुद्ध स्वर सोडायचा आणि बाहेर येणाऱ्या लहरीत मूळ स्वराखेरीज गोंगाट व विरूपण किती मिसळले आहे ते मोजायचे. त्यातून डेसिबलमध्ये एक आकडा निघतो. मग शंभर-दोनशे पेट्या या आकड्यानुसार क्रमाने मांडतात आणि वरच्या क्रमांकाची पेटी उत्तम ठरते. दहावीच्या गुणवत्ता यादीवर वाढलेल्या आपल्या समाजाला ही पद्धत पटकन पटते. तिच्यातील दोषही त्या यादीसारखेच आहेत.

पहिला दोष : ठरावीक मर्यादेपुढे फरक निरर्थक होतो. एका पेटीचा आकडा ११० आणि दुसरीचा १२० असेल, तर पहिलीत मिसळलेला दोष मूळ आवाजाच्या ११० डेसिबल खाली आहे. आवाज ११० डेसिबल इतका कर्कश ठेवला, तरी हा दोष शून्य डेसिबलला, म्हणजे ऐकण्याच्या अगदी उंबरठ्यावर येतो. खोलीतील ३० डेसिबलमध्ये तो बुडून जातो. यादीतील शंभर क्रमांकांचे अंतर कानाच्या दृष्टीने शून्य असू शकते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हा आकडा बहुधा मोठ्या विद्युतदाबाला, समजा ४ व्होल्टला, काढतात. अँप्लिफायरचा स्वतःचा गोंगाट २० मायक्रोव्होल्ट असेल तर दोहोंतील अंतर १०६ डेसिबल येते आणि पेटी गुणवान ठरते. आता तिला कानात घालायचे संवेदनशील इयरफोन जोडू, जे १ व्होल्टला १२० डेसिबल आवाज देतात. २० मायक्रोव्होल्ट हे १ व्होल्टच्या ९४ डेसिबल खाली. म्हणजे इयरफोनमध्ये २६ डेसिबलची सळसळ कायम ऐकू येणार. रात्रीच्या शांततेत ती नक्की जाणवेल. बऱ्याच उपकरणांत आवाजाचे बटण कमी केले तरी ही सळसळ कमी होत नाही, कारण ती बटणाच्या पुढच्या भागात निर्माण होते. आकडा खोटा नव्हता. तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हता.

तिसरी गोष्ट म्हणजे अँप्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला त्याच्या आतच होणारा विरोध. वरील एका आकड्यात तो दिसत नाही. हेडफोनचा इंपीडन्स सर्व वारंवारतांना सारखा नसतो. ३२ ओहमचा हेडफोन खर्जात ६४ ओहमपर्यंत जातो असे धरू. अँप्लिफायरचा विरोध १२० ओहम असेल, तर दोन रोधकांत दाब विभागला जाण्याच्या साध्या सूत्राने हेडफोनला मध्य सप्तकात २१ टक्के आणि खर्जात ३५ टक्के दाब मिळतो. हा फरक सुमारे ४.४ डेसिबलचा झाला. खर्ज फुगतो आणि कोणीही तो ऐकू शकतो. अँप्लिफायरचा विरोध २ ओहम असेल तर हाच फरक पाव डेसिबलवर येतो. म्हणून अँप्लिफायरचा विरोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यवहारी नियम सांगतात. ३२ ओहमसाठी तो ४ ओहम होतो.

येथे कानाच्या परीक्षकांना न्याय दिला पाहिजे. ‘या पेटीवर खर्ज भरदार येतो’ असे त्यांच्यापैकी कोणी लिहिले, तर ते खरेही असू शकते. फक्त त्याचे कारण महागड्या चिपमध्ये नसून ओहमच्या नियमात असते, आणि दुसरा हेडफोन लावला की तो गुण नाहीसा होतो. हेडफोनचे नाव न सांगता केलेली अँप्लिफायरची स्तुती म्हणूनच निरुपयोगी आहे.

शक्ती किती हवी?

‘तुमच्या हेडफोनला पुरेशी शक्ती मिळत नाही’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य आहे. ते तपासता येते. एखादा हेडफोन १ मिलिवॉटला ९८ डेसिबल आवाज देतो असे समजू. ११० डेसिबलच्या क्षणिक शिखरांसाठी १२ डेसिबल अधिक, म्हणजे सुमारे १६ मिलिवॉट लागतील. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर त्यासाठी ०.७ व्होल्ट पुरतात. ३०० ओहमचा असेल तर २.२ व्होल्ट लागतात. पहिल्याचे काम मोबाइलची १ व्होल्ट देणारी छोटी जोडणी सहज करते. दुसऱ्यासाठी मात्र वेगळा अँप्लिफायर घेणे योग्य ठरते. म्हणजे पेटीची गरज आहे की नाही हे हेडफोनवर दिलेले दोन आकडे ठरवतात.

उलट, १ वॉटची पेटी याच हेडफोनला १२८ डेसिबलपर्यंत नेऊ शकते. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा पाहिली, तर वर्गात अशी पेटी हा गुण नसून धोका आहे. परीक्षणांत ‘भरपूर शक्ती’ हे नेहमी कौतुकाच्या रकान्यात असते. शिक्षकांनी ते दुसऱ्या रकान्यात लिहावे.

बिघाड शोधण्याची शिस्त

आवाज बिघडला की लोक बहुधा नवी पेटी घेतात. खरे तर बिघाड शोधणे हा विज्ञानाच्या पद्धतीचा उत्तम धडा आहे. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एका कानात आवाज कमी येतो असे समजू. प्रथम हेडफोन उलटा घाला. दोष त्याच कानात राहिला, तर तो हेडफोनचा नसून कानाचा असण्याचा संभव आहे. दोष हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर तोच हेडफोन दुसऱ्या उपकरणाला लावा. तेथेही तीच बाजू कमी असेल तर तार किंवा हेडफोन सदोष. नसेल तर पेटी, किंवा संगणकातील डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल. पेटीवर फिरवण्याचे बटण असेल तर तेही तपासावे. स्वस्त बटणांत अगदी कमी आवाजाला दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत आणि आवाज वाढवला की दोष जातो.

सतत घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर दोष डॅकचा नाही. अर्थिंगच्या दोन वाटांमधून किंवा चार्जरमधून झिरपणाऱ्या किंचित प्रवाहामुळे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील स्वर आवाजात शिरतात. सर्व उपकरणे एकाच विजेच्या पट्टीवर लावल्याने बहुधा फरक पडतो. प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो जीवघेणा आहे, तो कधीही मानू नये.

आवाज मध्येच तुटत असेल, टक्‌टक् होत असेल, तर संगणकावरील इतर कामे बंद करून पाहावी, यूएसबीची तार आणि खाच बदलावी. मोठ्या आवाजात खरखर होत असेल तर संगणकातील आवाज वाढवणारे किंवा ‘सुधारणारे’ पर्याय बंद करावेत. आकडे आधीच कमाल मर्यादेला भिडले असतील तर लहरीचे माथे कापले जातात, आणि कापलेले माथे कितीही भारी डॅक परत आणू शकत नाही.

वर्गात करता येईल अशी चाचणी

दोन उपकरणांत ऐकू येणारा फरक आहे का, हे पाहण्यासाठी यंत्रांची मोठी गरज नाही. पहिली अट अशी, की दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा हवा. किंचित मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून हेडफोन जोडलेला ठेवून २०० हर्ट्झचा स्वर वाजवावा आणि दोन्ही उपकरणांचे दाब मल्टिमीटरने एक टक्क्याच्या आत जुळवावेत. एक टक्का म्हणजे सुमारे ०.१ डेसिबल. बाजारातील सर्वांत स्वस्त मल्टिमीटरमध्ये प्रत्यावर्ती दाबाची सर्वांत लहान श्रेणी २०० व्होल्टची असते. ते येथे चालणार नाही. २ व्होल्टच्या आसपासची श्रेणी असलेला हवा.

दुसरी अट : कोणते उपकरण वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, आणि उत्तर लिहून घेणाऱ्यालाही. एका विद्यार्थ्याने पडद्याआड नाणे उडवून जोडणी करावी व स्वतःची नोंद ठेवावी. ऐकणाऱ्याने १६ वेळा उत्तर द्यावे. निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते. म्हणून १२ ही खूण धरता येते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. तीस विद्यार्थ्यांनी ही चाचणी दिली आणि कोणालाही काहीही ऐकू येत नसले, तरी निदान एकाला १२ गुण मिळण्याची शक्यता ६९ टक्के आहे. त्याला ‘सोन्याचा कान’ म्हणण्यापूर्वी त्याची चाचणी पुन्हा घ्यावी. उलट, एखाद्याला खरोखरच दहापैकी सहा वेळा फरक ओळखता येत असेल, तरी १६ प्रयत्नांत तो १२ पर्यंत पोचण्याची शक्यता फक्त १७ टक्के आहे. म्हणून नापास झालेल्या चाचणीवरून ‘फरक नाहीच’ असे म्हणता येत नाही. ‘असलाच तर लहान आहे’ एवढेच म्हणता येते. लहान फरकासाठी किती पैसे मोजायचे, हा मग ज्याचा त्याचा प्रश्न.

चांगले परीक्षण कोणते?

आता शिक्षकांना निवडीसाठी कसोटी देता येईल. चांगले परीक्षण कोणता हेडफोन वापरला ते सांगते. अँप्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स, लहान आवाजातील गोंगाट आणि मिळणारा कमाल दाब देते. ऐकण्याचा दावा केला असेल तर आवाज कसा जुळवला आणि चाचणी अंध होती की नाही हे लिहिते. मोजलेला फरक ऐकू येण्याइतका आहे का, याचाही हिशेब करते. यांपैकी काहीच नसेल, तर भाषा कितीही रसाळ असो वा आलेख कितीही रंगीत असोत, ते परीक्षण बाजूला ठेवावे.

खरेदीचा क्रमही त्यातून निघतो. आवाजातील सर्वांत मोठे फरक हेडफोनमध्ये असतात. दोन हेडफोनांत एखाद्या वारंवारतेला ५ ते १० डेसिबलचा फरक सहज सापडतो, तर दोन नीट बनवलेल्या डॅकमधील फरक डेसिबलच्या अंशात असतो. पाचशे रुपयांच्या हेडफोनसाठी दहा हजारांचा डॅक घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आधी चांगला हेडफोन घ्यावा, त्याचे दोन आकडे पाहून लागणाऱ्या दाबाचे गणित करावे, आणि हाताशी असलेले उपकरण कमी पडत असेल तरच पेटीचा विचार करावा.

मराठीत ‘ऐकीव’ हा शब्द आपण पुरावा नसलेल्या माहितीसाठी वापरतो. परीक्षणांच्या बाबतीत तो शब्दशः लागू पडतो. नाणे, पडदा, मल्टिमीटर आणि शक्यतेचे थोडे गणित एवढ्या साहित्यात ऐकीव गोष्ट आणि ऐकू येणारी गोष्ट वेगळी करता येते. हे सर्व साहित्य शाळेत उपलब्ध आहे.